हवा थंड करायची होती

सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते. हे ज्याने अनुभवले आहे त्याला टर्बो समजावायला मला वेळ लागत नाही. हवा दाबली की तापते. टर्बो तेच काम फार जोरात करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबावर तो फिरतो आणि ताजी हवा दाबून परत इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण हवा तापलेलीच आत गेली तर पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, वेळेआधीच पेटते. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकूनही पाय काढला नाही तर पिस्टनला भोक पडते आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. दिसायला तो रेडिएटरसारखा असतो, फक्त त्याच्या पोटातून पाण्याऐवजी ही दाबलेली हवा जाते आणि थंड होऊन पुढे निघते.

कोणता इंटरकूलर घ्यायचा, केवढा, आणि बसवायचा कुठे, हे मला त्या हिवाळ्यात ठरवायचे होते. दोन हजार दहाच्या आसपासचे वर्ष असेल. गाडी चालवणार होता माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ.

तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि आमच्या गोंदियातल्या मिलचा तांदूळ पिकअपमधून पोहोचवायचा. जुनी पेट्रोलची छोटी गाडी त्याने स्वतःच्या पैशाने घेतली होती. दक्षिणेत चेन्नईच्या बाजूला एक रेसचा ट्रॅक आहे. ठरावीक दिवशी फी भरून साधी माणसेही आपली गाडी तिथे पळवू शकतात. त्याला एकदा तिथे जायचे होते. टर्बो त्याने आणला आणि माझ्या गॅरेजच्या ओट्यावर असा ठेवला की जणू देवाला नारळ.

"भाऊजी, बशवून द्या."

"तुले मरायचं हाय तर माह्या हातानं कायले मरतं?"

"दुसऱ्याच्या हातानं बशवलं तर लवकर मरीन ना," तो म्हणाला. मी हसलो आणि तिथेच फसलो.

घरी बायकोने विरोध केला नाही. विरोध केला असता तर बरे झाले असते, मला भांडता आले असते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चालवू द्या त्याले. पन इंजन तुमच्या हातचं हाय, एवढं ध्यानात ठेवा."

त्या दिवसापासून मी इंजिनाकडे पाहिले की मला सासऱ्यांचे अंगण आणि तिथे मयतीला जमलेली माणसे दिसायची. भीती म्हणजे नेमकी कसली, ते सांगतो. या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते. ताशी दीडशेच्या वेगात इंजिन जाम झाले तर पुढची चाकेही जाम होतात. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की स्टेअरिंग असून नसल्यासारखे. भोक पडलेला एक पिस्टन मी हातात धरलेला आहे, त्या भोकातून माझी करंगळी आरपार गेली होती. ती धान भरलेली जीप होती, चढावर हळू चाललेली, म्हणून सगळे उतरून चहा प्यायला गेले. ट्रॅकवर कोणी चहा प्यायला जात नाही.

इंटरकूलरसाठी दोन रस्ते होते. एक हवेवर थंड होणारा. तो मोठा असतो, बंपरच्या मागे अगदी समोर बसतो, वारा खातो आणि हवा थंड करतो. त्याला लांब पाइप लागतात आणि जागा करायला गाडीचे तोंड कापावे लागते. दुसरा पाण्यावर थंड होणारा. तो छोटासा असतो, इंजिनजवळ बसतो आणि डिकीतल्या टाकीतून पंपाने त्याच्यात गार पाणी फिरते. टाकीत बर्फ टाकता येतो.

साळ्याला बर्फाचा हवा होता. "दिसते बी भारी. डिकी उघडली का बरफ."

"रसवंती टाकून राहिला का बे?"

"तुमी ना भाऊजी, ट्रॅक्टरच्या जमान्यातले."

ट्रॅक्टर हा शब्द त्याने सहज वापरला, पण तो मला टोचला. त्यामागे दुसराच माणूस होता.

राइस मिलच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरखाली झोपून मी काम शिकलो. माझ्या शेजारी झोपून आणखी एक जण शिकला. पुढे आम्ही दोघांनी मिळून वस्तीतल्या विहाराच्या भिंतीला लागून टिनाचे शेड टाकले. शेडचा पत्रासुद्धा मी भाव पाडून आणलेला होता. दहा वर्षे एका डब्यात जेवलो. मग एका उन्हाळ्यात तो नागपूरला गेला, दाब मोजायची चांगली यंत्रे घेऊन गेला आणि गोंदियातले मोटारवाले गिऱ्हाईकही घेऊन गेला. जाताना विचारले नाही. तेही मी गिळले असते. पण वर्षभराने एक गिऱ्हाईक मला सांगून गेले की तो माझ्याबद्दल म्हणतो, "तो धानाचा मिस्त्री हाय, त्याच्याकडं ट्रॅक्टर न्या, मोटार नोका नेऊ." धानाचा मिस्त्री! ज्याला हाताला धरून पाना पकडायला मी शिकवले, तो हे म्हणतो.

साळ्याच्या गाडीची गोष्ट त्याच्या कानावर कशी गेली ते मला आजही कळलेले नाही. एक दिवस त्याचा फोन आला. चार वर्षांनी.

"आयकून राहिलो का टर्बो बशवतं म्हनून. पान्याचा घे. हवेचा मोठा तुले जमनार नाही. पाइप लांब होते, जोडातून दाब गळते."

"तुले कोनं इचारलं?" म्हणून मी फोन आपटला.

तासाभरात मी साळ्याला सांगितले की हवेवरचाच बसेल.

माझ्याकडे कारण होते. बर्फ दोन-तीन फेऱ्यांत वितळतो. मग तेच पाणी तापते आणि हवेला थंड करायचे सोडून उलटे तापवते. ट्रॅकवर गाडी वीस मिनिटे सलग पळणार होती. वारा काही वितळत नाही. ही गोष्ट खरी आहे, आजही मी तेच सांगेन. पण हे कारण मला फोन आपटायच्या आधी सुचले होते की नंतर? डोक्याने निवड केली की रागाने? हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मानेवर बसला.

नागपूरच्या भंगार बाजारात एका अपघातात सापडलेल्या डिझेल गाडीचा इंटरकूलर मिळाला. दुकानदाराने सांगितलेल्या भावावर मी हसलो आणि निघालो. त्याने बोलावले, परत निघालो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "भाई, तू लेके जा, मेरा सर मत खा." मला आनंद व्हायला हवा होता. पण परतीच्या गाडीत तो ॲल्युमिनियमचा इंटरकूलर मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मी त्याच्या कोपऱ्यांवरून हात फिरवत होतो, चीर लागते का ते शोधत.

चीर डोळ्यांना दिसत नाही. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात तसेच हे करावे लागते, पण एवढा मोठा इंटरकूलर बुडेल असे घमेले माझ्याकडे नव्हते. उसना म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान भिजवायचे हौद असतात. मी इंटरकूलर खांद्यावर टाकून तिथे गेलो.

"इसमें धान भिगोते हैं भैया, रेडिएटर नहीं," मिलचा मुनीम म्हणाला.

"हे रेडिएटर नाही."

"तो क्या है?"

"हवा थंडी करने का."

त्याने आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिले. डिसेंबरचा गारठा होता. "और कितनी ठंडी करेगा?" म्हणाला, आणि धान उपसून नुसते पाणी उरलेल्या एका हौदाकडे बोट केले.

दोन्ही तोंडे बंद करून हवा भरली आणि बुडवला. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. मला बरे वाटले. शत्रू सापडला की भीती कमी होते. कोपरा वेल्ड करून घेतला, परत बुडवला. पाणी शांत राहिले.

मग गाडीचे तोंड कापले, पाइप बसवले, प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा मारल्या. दाब गळणार नाही, हे मला कोणाला तरी दाखवायचे होते. शेवटी इंटरकूलरच्या समोर बारीक जाळी बसवली, तीही दुहेरी. आमच्याकडे कापणी-मळणीच्या दिवसांत रस्त्यावरच धान वाळत घातलेले असते आणि हवेत कोंडा उडतो. समोर जाळी नसलेला रेडिएटर आठवड्यात बुजतो. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, जाळी मारल्याशिवाय मी गाडी बाहेर सोडत नाही. त्या जाळीची चौकट इतकी नीट बसली होती की साळाही म्हणाला, "कंपनीवानी दिसते."

पहिली चाचणी बोदलकसा तलावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी घेतली. इंटरकूलरमधून निघणाऱ्या हवेचे तापमान दाखवणारा काटा माझ्या मांडीवर होता. बाहेरची हवा पंचवीस अंशांच्या खाली. इंजिनात जाणारी चाळीसपर्यंत चालली असती. पहिल्या धावेला बावन्न. दुसऱ्या धावेला एकसष्ट. तिसऱ्या धावेला चौऱ्याहत्तर, आणि काटा अजून वर जातच होता. मी ओरडलो, "सोड, सोड!" त्याने पाय काढला तेवढ्यात वळणावरून सायकलवर जाळे लादलेला एक म्हातारा ढिवर आला. गाडी त्याच्या शेजारून सूं करून गेली आणि पुढे जाऊन थांबली. म्हातारा सायकल टेकवून शांतपणे आमच्यापर्यंत चालत आला.

"कोनाच्या मयतीले चालले गा एवढ्या घाईनं?"

साळा म्हणाला, "बाबा, माफ करा."

"माफ करतो. पन सोताच्या मयतीले एवढी घाई नसते करत."

साळा हसला. मी हसू शकलो नाही. माझे कान इंजिनाकडे होते, त्यात कुठे खडे वाजतात का ते ऐकत.

नंतरचे आठ दिवस मी झोपलो असेन तर मला आठवत नाही. जोड सोडून परत बांधले. हौदात तिसऱ्यांदा बुडवला. टर्बो उघडून बघितला. नागपूरच्या भंगारवाल्याला फोनवर शिव्या घातल्या. तो म्हणाला, "तूने ही तो जिद करके लिया," आणि ते खरे होते. जाळी रोज सकाळी ब्रशने झाडून स्वच्छ करायचो, माझ्या कामात हयगय नको म्हणून. परत चाचणी. परत सत्तरच्या वर.

साळ्याला मी खोटे सांगितले की काटा बिघडला असेल. त्याने विश्वास ठेवला. हेच जास्त वाईट होते. तो ट्रॅकच्या वळणांचे नकाशे कागदावर काढत बसायचा आणि मी त्याच्या मानेकडे बघायचो. बायकोने एकदा विचारले, "कावून जेवत नाही?" मी ताटावरून उठून तिच्यावरच खेकसलो. मिठाचे निमित्त केले. मीठ बरोबर होते.

खरे म्हणजे मला कळून चुकले होते, किंवा तसे वाटत होते. शेडमधल्या माझ्या जुन्या जोडीदाराने पाण्याचा घे म्हटले होते. मी केवळ त्याच्या नाकावर टिच्चून हवेचा घेतला. गाडी त्या तापमानाने ट्रॅकवर उतरली तर माझा राग त्या पोराच्या अंगावर फुटणार होता. गोंदियातून तांदूळ घेऊन चेन्नईकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये गाडीची जागा ठरली होती. रविवारी ट्रक सुटणार. मी शुक्रवारी दुपारी शेडच्या मागे गेलो आणि नागपूरला त्याला फोन लावला. तीनदा वाजला. मनात म्हणालो, नको उचलू. उचलला.

"बोल."

मी नमस्कार-चमत्कार केला नाही. आकडे सांगितले. बावन्न, एकसष्ट, चौऱ्याहत्तर. तो सगळे ऐकत राहिला.

"दाब गळून राहिला का?"

"नाही. हौदात पाहिलं."

"कोन्या हौदात? धानाच्या?" तो हसला. मी दात आवळले. मग त्याने विचारले, "समोर जाळी मारली असशीन ना बे?"

"मारली. दुहेरी मारली. मंग?"

मग तो म्हणाला, "काढून फेक."

"धूळ जाते, कोंडा..."

"अरे, ट्रॅकवर धान वाळत घालते का कोनी? जाळीच्या भोकातून वारा गाळून जाते. रेडिएटरले पंखा हाय, तो वढते. तुह्या इंटरकूलरले पंखा हाय का? म्यां पन नागपुरात पहिल्या गाडीले मारली होती. इंजन गेलं. गिऱ्हाइकानं दुकानात येऊन मारलं मले. आपल्याले ते जाळी दिसतच नाही ना बे, मिलच्या गेटावर शिकलो तं."

मी शेडच्या कोपऱ्यावरून वाकून गाडीच्या तोंडावरच्या जाळीकडे पाहिले.

"हवेचा घेतला ते बरं केलं," तो म्हणाला. "पान्याचा वीस मिन्टं टिकला नसता. म्यां तं तुले जमनार नाही म्हनून सांगितलं होतं."

आभार मानायला तोंड उघडले होते, ते मी मिटले. "धानाचा मिस्त्री" त्याने म्हटले होते की नव्हते, हे विचारायची ती वेळ होती. मी विचारले नाही. म्हटले असेलच. फोन ठेवून थेट पकड घेतली आणि चौकटीचे बोल्ट काढले.

शनिवारी पहाटे बोदलकशाच्या रस्त्यावर तीन धावा. अडतीस. अडतीस. एकोणचाळीस. साळा टाळ्या पिटत म्हणाला, "काटा दुरुस्त झाला वाटते!"

"काटा बरोबरच होता," मी म्हणालो. "चूक माही होती." त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला चीड आली. माणूस चूक कबूल करतो तेव्हा लोकांनी दुसरीकडे बघावे.

भीती गेली असे वाटेल. ती फक्त जागा बदलून बसली. आता इंटरकूलर उघडा होता. पुढच्या गाडीच्या चाकाखालचा एक खडा उडून त्याची पातळ नळी फोडू शकत होता. कोंड्यासाठी मारलेली जाळी खडाही अडवते, आणि ती मी माझ्या हाताने काढली होती.

ट्रॅकवर उन्हाने डांबर चमकत होते. आजूबाजूच्या गाड्यांना ओळीने मेकॅनिक, सारख्या रंगाचे शर्ट. आमच्याकडे मी आणि एक गोणपाट, ज्यावर मी हत्यारे मांडली होती. साळ्याने हेल्मेट घातले. मी त्याला सांगितले, "आकडा पंचेचाळीसच्या वर गेला का सोडून देशीन. कोनी पुढं जाते तं जाऊ देशीन."

"हो भाऊजी."

तो आयुष्यात कधी कोणाला पुढे जाऊ देणारा नव्हता. पिकअपमध्ये तांदूळ असताना तो एस.टी.ला मागे टाकायचा.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. गाडी लांबच्या वळणामागे जायची आणि दीड मिनिटाने सरळ रस्त्यावर परत यायची. पहिली फेरी, आली. दुसरी, आली. तिसरी, आली, तिचा आवाज स्वच्छ होता. चौथ्या फेरीला तिच्या पुढे-मागे असलेल्या गाड्या आल्या आणि ती आली नाही. मी मनात आकडे मोजू लागलो. दहापर्यंत मोजले आणि पुन्हा एकपासून सुरू केले. पुढचे मोजायचे नव्हते. शेजारचा मेकॅनिक त्याच्या भाषेत काही म्हणाला, मला ते ओरडण्यासारखे ऐकू आले. बायकोला काय सांगायचे याचे पहिले वाक्य माझ्या डोक्यात आपोआप तयार झाले होते, मी ते कधीच कोणाला सांगितलेले नाही.

मग ती वळणावरून दिसली. रिकाम्या बैलगाडीसारखी, हळू, एका कडेने. सरळ आमच्याकडे आली आणि थांबली.

मी दार उपटलेच. "काय झालं? खडा लागला का? आवाज आला का?"

"काही नाही. पुढच्या गाडीच्या लई जवळ गेलो तं वारा भेटेना. आकडा शेहेचाळीस झाला. सोडून देलो."

मी त्याला शिव्या घातल्या. त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्यातल्या काही माझ्या मुलांच्याही होत्या. मी सांगितले तेच त्याने केले होते आणि मी त्यासाठीच त्याला शिव्या घालत होतो. तो बसून राहिला. बॉनेट उघडून मी सगळे पाहिले. इंटरकूलरच्या समोरच्या पातळ पात्यांवर एक बारीक खळगा होता, खड्याचा. नळी शाबूत होती.

आमच्या पुढच्या पाळीला अजून अर्धा तास होता. मी म्हणालो, "आता जायचं नाही."

"दहा फेऱ्या मारतो, बस."

"तीन."

"आठ."

"टर्बोचा दाब कमी करून तीन."

"भाऊजी, मंग कायले आलो इथपर्यंत? सहा."

"मले भेव लागून राहिलं," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याआधी कोणालाच सांगितले नव्हते, त्याच्या बहिणीलाही नाही.

"बरं, तीन," तो म्हणाला.

एवढ्या लवकर. माझ्या धंद्यात समोरचा एवढ्या लवकर तयार झाला की मी माल परत तपासतो. मी त्याच्याकडे नीट पाहिले. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, आणि तरी कोपरे हलत होती. हेल्मेटची पट्टी सोडायचा प्रयत्न करून त्याने तो सोडून दिला होता. मी खाली वाकलो, पट्टी सोडली आणि हेल्मेट काढून गोणपाटावर ठेवले. त्याने ते परत मागितले नाही. त्या तीन फेऱ्याही आम्ही मारल्या नाहीत. इंजिन गार होईपर्यंत दोघे गाडीच्या सावलीत बसून राहिलो.